शाब्दिक बुद्धिमापन कसोटीचे संख्याशास्त्रीय मूल्यमापन : वर्गातल्या उदाहरणांसह



डी.एड.ला असताना ‘काठिण्य मूल्य’, ‘भेदन मूल्य’, ‘विश्वसनीयता’, ‘सप्रमाणता’ हे शब्द आपण सगळ्यांनीच पाठ केले. परीक्षेत व्याख्या लिहिल्या, गुण मिळवले आणि विसरून गेलो. मीही विसरले होते. पण यंदा माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई हातात एक रिपोर्ट घेऊन आली. दादरच्या बाजारात मासळी विकतात त्या. मधल्या सुट्टीत दाराशी उभ्या राहून त्यांनी विचारलं, “बाई, माझी पोरगी मंद आहे का हो?” तेव्हा ते सगळं पुन्हा काढून वाचावं लागलं.

रिपोर्ट बाहेरच्या एका केंद्रातला होता. त्यात तीन आकडे होते : शाब्दिक बुद्ध्यांक ७४, कृती बुद्ध्यांक ९४, एकूण ८४. आपल्याकडे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र देताना मुलाची बुद्धिमत्ता सर्वसाधारण आहे ना, म्हणजे साधारणतः ८५ च्या वर आहे ना, हे पाहतात. हिचा एक गुण कमी. त्यामुळे ‘मुलगी मुळातच संथ आहे, पुढच्या तपासणीचा उपयोग नाही’ असं आईला सांगण्यात आलं होतं. मुलगी वाचताना अडखळते, जोडाक्षरं उलटसुलट लिहिते. पण तोंडी हिशेब? सुट्टे पैसे परत देण्यात माझ्यापेक्षा जलद!

आकडा मुलीला मोजतो, हे आपण धरूनच चालतो. पण आधी कसोटीला मोजावं लागतं. ते कसं, हे आपल्या वर्गातल्या ४० गुणांच्या शाब्दिक चाचणीवरून पाहू. (खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून उदाहरणादाखल घेतले आहेत.)

प्रश्नांची तपासणी

समजा ४० मुलांनी चाचणी सोडवली. पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने लावायचे. वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के, म्हणजे ११-११ पेपर वेगळे काढायचे. मधल्यांना हात लावायचा नाही. (२७ टक्केच का, हे ट्रूमन केली यांनी १९३९ मध्ये गणिताने दाखवलं.) आता प्रत्येक प्रश्न वरच्या गटात कितीजणांनी बरोबर सोडवला आणि खालच्या गटात कितीजणांनी, ते मोजायचं. दोन्हींची बेरीज भागिले २२ हे काठिण्य मूल्य. दोन्हींची वजाबाकी भागिले ११ हे भेदन मूल्य.

एक चांगला प्रश्न घ्या : ‘मणी : माळ :: पायरी : ?’ वरच्या गटात १० बरोबर, खालच्या गटात ४. काठिण्य मूल्य १४/२२ म्हणजे ०.६४, भेदन मूल्य ६/११ म्हणजे ०.५५. प्रश्न ठेवायचा. ०.३० च्या वर भेदन मूल्य असेल तर प्रश्न चांगला मानतात.

दुसरा प्रश्न : ‘गटात न बसणारा शब्द ओळखा – मोट, रहाट, पोहरा, नांगर.’ वरच्या गटात ३, खालच्या गटात २ बरोबर. काठिण्य मूल्य ०.२३. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी ०.२५ येतं! म्हणजे हुशार मुलंसुद्धा इथे अंदाजाने बाण मारत होती. दादरच्या चाळीत नाहीतर टॉवरमध्ये वाढलेल्या मुलाने मोट पाहिलेली नसते, पोहरा तर त्याहून नाही. हा प्रश्न बुद्धी मोजत नाही, गाव मोजतो.

तिसरा माझा लाडका : ‘लोअर परळ, प्रभादेवी, दादर, परळ.’ उत्तरसूचीत ‘परळ’, कारण बाकीची तिन्ही पश्चिम रेल्वेवर. वरच्या गटात ४ बरोबर, खालच्या गटात ७. भेदन मूल्य वजा ०.२७! उणे आकडा आला की पेन खाली ठेवून विचार करायचा. मुलांना विचारल्यावर कळतं, हुशार मुलं ‘दादर’ लिहितात, कारण दोन्ही लाइनवर असलेलं तेवढं एकच स्टेशन. त्यांचं काय चुकलं? चूक प्रश्न काढणाऱ्याची. काठिण्य मूल्य मात्र ११/२२ म्हणजे नेमकं ०.५०, अगदी आदर्श. म्हणून नुसतं काठिण्य मूल्य पाहून प्रश्न कधीही पास करू नका.

आणि चौथा : ‘सुरमई, बांगडा, पापलेट, कोळंबी.’ वर ६, खाली ६. भेदन मूल्य शून्य. नियमाने हा प्रश्न काढून टाकायचा. पण पेपर हुशार-कच्चे असे न लावता घरी मासे खाणारे आणि न खाणारे असे लावून पाहा, चित्र लगेच स्पष्ट होतं. माझ्या त्या मुलीने हे उत्तर क्षणात दिलं, वर कारणही सांगितलं : “कोळंबीला काटा नसतो, बाई.” हीच मुलगी पोहऱ्याच्या प्रश्नाला गप्प होती. शाब्दिक कसोटीत एखादा शब्द कोणाच्या घरचा आहे, यावर गुण हलतात.

विश्वसनीयता

तीच चाचणी पुन्हा घेतली तर साधारण तोच गुण येईल का? वर्गात दोनदा चाचणी घेणं जमत नाही, म्हणून सम आणि विषम क्रमांकांच्या प्रश्नांचे गुण वेगळे काढून त्यांचा सहसंबंध काढतात. समजा तो ०.६० आला. हा अर्ध्या चाचणीचा, म्हणून स्पिअरमन-ब्राउन सूत्र : (२ × ०.६०) / (१ + ०.६०) = ०.७५.

ज्यांना सहसंबंध काढायचा कंटाळा (मला आहे), त्यांच्यासाठी कुडर आणि रिचर्डसन यांचं १९३७ चं २१ वं सूत्र. त्याला फक्त प्रश्नसंख्या, मध्यमान आणि प्रमाण विचलन लागतं. प्रश्न ४०, मध्यमान २४, प्रमाण विचलन ६. मध्यमान गुणिले उरलेले, म्हणजे २४ × १६ = ३८४. प्रश्नसंख्या गुणिले विचलनाचा वर्ग, म्हणजे ४० × ३६ = १४४०. भागाकार ०.२७, तो १ मधून वजा करून ०.७३. त्याला ४०/३९ ने गुणलं की पुन्हा ०.७५. मात्र हे सूत्र सगळे प्रश्न सारखेच कठीण आहेत असं धरतं, म्हणून ते थोडं कमीच दाखवतं.

आता खरी गंमत. मापनाची प्रमाण त्रुटी = प्रमाण विचलन × √(१ – विश्वसनीयता) = ६ × √०.२५ = ३. म्हणजे २२ गुण मिळवणाऱ्या मुलाचा खरा गुण ९५ टक्के खात्रीने सांगायचा तर साधारण १६ ते २८ मध्ये कुठेतरी! आणि आपण २२ वाल्याला २३ वाल्याच्या खाली बसवतो.

बुद्ध्यांकाकडे परत

आपल्याकडच्या दोन कसोट्या या निमित्ताने माहीत हव्यात. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने कसोटीचं मराठी आणि कानडी रूपांतर धारवाड परिसरातल्या मुलांवर प्रमाणित केलं. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४० चं. ‘बिने-कामत’ नावाने ही कसोटी आजही वापरात आहे. तिच्यात मानसिक वय भागिले शारीरिक वय गुणिले १०० असा जुना बुद्ध्यांक निघतो आणि भर बराचसा शब्दांवर आहे. दुसरी नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांची, १९६९ ची, वेक्सलर यांच्या मुलांच्या कसोटीवरून केलेली. तिच्यात शाब्दिक आणि कृती असे दोन भाग स्वतंत्र मोजतात आणि दोन्हींची सरासरी हा एकूण बुद्ध्यांक.

सरासरी! ७४ आणि ९४ ची सरासरी ८४. वीस गुणांची दरी त्या एका आकड्याखाली बुजून गेली. शब्दांत मागे आणि ठोकळे-चित्रांत सर्वसाधारण अशी मुलगी ‘संथ’ कशी? आधी तिची भाषा आणि वाचन तपासायला हवं ना? कोळीवाड्यातली तिची मराठी आणि कसोटीची मराठी यांतलं अंतरही त्या ७४ मध्ये मिसळलेलं आहे.

शिवाय त्रुटी. बुद्ध्यांकाचं प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता उदाहरणार्थ ०.९१ धरली, जी चांगलीच म्हणायची, तरी प्रमाण त्रुटी १५ × ०.३ = ४.५ येते. ८४ म्हणजे ७५ ते ९३. ८५ ची रेघ या पट्ट्याच्या जवळपास मधोमध जाते. एका गुणावरून दार बंद करणं हे संख्याशास्त्रात कुठेच बसत नाही.

प्रमाणकांचं वयही पाहायचं. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की अमेरिकेत गुण दशकाला साधारण तीनने वाढत गेले. जुन्या प्रमाणकांवर आजचं मूल जास्त हुशार दिसू शकतं, तर जुन्या शब्दसंग्रहामुळे उलट कमीही. पालकांनी कसोटीचं नाव आणि आवृत्तीचं वर्ष जरूर विचारावं. विचारण्यात उद्धटपणा नाही.

सप्रमाणतेबद्दल थोडक्यात. शाब्दिक चाचणीचे गुण मराठीच्या गुणांशी जुळले म्हणून खूश होऊ नका, दोन्हीकडे भाषाच मोजली गेली असेल. गणिताशी आणि अशाब्दिक चाचणीशीही ताडून पाहा. शिष्यवृत्तीच्या पेपरातले बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न वर्षभर घोटून घेतल्यावर ते काय मोजतात, हा तर वेगळाच विषय आहे. माझ्या वर्गातही आम्ही घोटतोच, खोटं कशाला सांगू.

त्या ताईंना मी एक पत्र लिहून दिलं. त्यात शाब्दिक आणि कृती आकडे वेगळे मांडले, मधली दरी लिहिली, त्रुटीचा पट्टा लिहिला आणि मुलीच्या वहीची चार पानं झेरॉक्स करून जोडली. एका सरकारी रुग्णालयात त्यांनी ते दाखवलं. तिथल्या मॅडमनी वहीची पानं आधी पाहिली आणि वाचन-लेखनाच्या तपासणीची तारीख दिली. तीच बुद्धिमापन कसोटी लगेच पुन्हा घेणार नाहीत, सरावाने गुण वाढतात म्हणून. तारीख दिवाळीनंतरची आहे. “तेवढ्यात पोरीला काय सांगू?” असं ताईंनी विचारलं. मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही, एवढंच सांगा.