दांडी कापण्याआधी

मनगटी घड्याळ स्वतः करणार म्हणतोस, कर. पण मशीन विकत आण. आइल ऑफ मॅनला राहणारा जॉर्ज डॅनियल्स धातूच्या तुकड्यापासून सुरुवात करून एकट्याने अख्खं घड्याळ घडवायचा. त्यात त्याची हयात गेली. तू डायल कर, काटे निळे कर, जमलं तर केस कात, आणि जुळणी कर. हौसेला एवढं पुष्कळ आहे.

मशीन युनिटासचं ६४९७ घे, नाहीतर त्याचंच चिनी रूप. मुळात ते खिशातल्या घड्याळाचं, ३६.६ मिमी व्यासाचं, त्यामुळे स्क्रू निदान डोळ्यांना दिसतात. चावीचं आहे, तारीख नाही, म्हणजे भानगडी कमी. त्याचा भाऊ ६४९८ दिसायला तसाच. पण चावी तीनच्या बाजूला धरली तर ६४९७चा सेकंदकाटा नऊपाशी येतो आणि ६४९८चा सहापाशी. डायलला भोकं पाडण्याआधी हातात कुठलं आहे ते बघून घे.

हात बसवायला मात्र नवं मशीन वापरू नकोस. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथून एखादी चावीची एचएमटी जनता आण. बंगळूरच्या कारखान्यात १९६१ पासून सिटिझनच्या साहाय्याने एचएमटीची घड्याळं निघायला लागली. २०१६ साली सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, तरी जुनी घड्याळं अजून फिरताहेत. नव्याने रंगवलेल्या डायलची पुष्कळ मिळतात, त्यांना संग्राहक नाकं मुरडतात. मुरडू देत, आपल्याला आतलं मशीन हवंय. उघडलंस की आधी स्प्रिंगचा ताण उतरव: चावी बोटांत घट्ट धर, क्लिक, म्हणजे स्प्रिंगला उलटं सुटू न देणारा खटका, चिमट्याने बाजूला कर आणि चावी बोटांतून सावकाश सुटू दे. ताण असताना पॅलेट काढलंस तर चाकं भर्रकन सुटतात आणि केसासारखे पिव्हट मोडतात.

टूलरूममध्ये आम्हाला एक सवय लागली होती, ती तू उचल. कामाला बसण्याआधी कुठलं काम पुन्हा करता येतं आणि कुठलं नाही, ते वेगळं काढायचं. पुन्हा करता येणाऱ्या कामाला बिनधास्त हात घाल. काटे निळे करणं तसलं. पोलादी काटे घासून चकचकीत कर, पळीत पितळेचा कीस घाल, त्यावर काटे ठेव आणि मंद गॅसवर धर. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि साधारण ३०० अंशांजवळ निळा रंग चढतो. निळा दिसला की तत्क्षणी उचल, पुढे तो फिका पडतो. बिघडलं तर घासून काढ, पुन्हा तापव. पोलादाची तक्रार नसते. पितळी काट्यांवर मात्र हे होत नाही, विकत घेतानाच चुंबक लावून बघ.

डायलसाठी ०.४ मिमी पितळी पत्रा पुरतो. मागचे तांब्याच्या तारेचे पाय आधी डाख देऊन बसव, रंग नंतर दे. उलटं केलंस तर डाखाच्या आचेने रंग करपेल.

आता दांडी. चावीची दांडी लांब येते आणि केसप्रमाणे कापावी लागते. हे काम एकदाच होतं. चावी आणि दांडीचे आटे जुळतात का ते खरेदीच्या वेळीच तपास. मोजमाप घेतलंस तरी अर्धा मिलिमीटर जास्त ठेव, मग दगडावर जराजरा घासत, दर वेळी बसवून बघत जा. चावी केसला टेकली आणि किल्ली देणं, वेळ लावणं दोन्ही नीट होतं, की थांब. लोक इथेच कंटाळतात आणि पक्कड उचलतात.

काटे बसवताना मशीन खालून आधारावर हवं. आधी तासकाटा, मग मिनिटकाटा, दोन्ही बरोबर बारावर. सेकंदकाट्याचं टोक फार नाजूक असतं, तिथे दाब नुसता सुचवायचा. नंतर भिंग लावून बाजूने बघत काटे फिरव. बारा तासांत ते दोघे अकरा वेळा एकमेकांवर येतात. अकराही जागी मधून उजेड दिसला पाहिजे.

काम करताना पंखा बंद. तुझ्या या आत्याचं एवढं ऐकच. मे महिना असला तरी बंद. मांडीवर पांढरी चादर पसर, उठताना मशीनवर काचेची वाटी पालथी घाल. केस पावसाळी दिवशी बंद करू नकोस, आतली दमट हवा गारठ्यात काचेवर धुक्यासारखी बसते. तेल द्यायची वेळ आली तर शिलाई मशीनचं नको, ते पसरतं. आणि पॅलेटचे पिव्हट कोरडेच ठेवायचे असतात.

घड्याळ एकदम दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर रेग्युलेटरला हात लावू नकोस. फोनच्या स्पीकरजवळ ठेवलं होतंस का, ते आठव. चुंबकत्व आलं की हेअरस्प्रिंगचे वेढे चिकटतात. होकायंत्र जवळ धर. सुई थरथरली तर डीमॅग्नेटायझर. बाकी दहा सेकंदांवरून जीव जाळू नकोस. मूळ युनिटास ६४९७ तासाला १८,००० ठोके देतं, दिवसाला ४,३२,०००; दहा सेकंद म्हणजे त्यातले ५० ठोके. डायल वर, डायल खाली आणि चावी खाली, अशा तिन्ही स्थितींत एकेक दिवस ठेवून आकडे लिहून काढ, मगच रेग्युलेटर सूतभर हलव. आणि पट्टा चढवताना केसच्या शिंगांना आधी टेप लाव, स्प्रिंगबार घसरला की पॉलिशवर चरा उठतो.