आराधनेचा मठ कसा शोधावा?

प्रश्न : मी गडचिरोलीत परिचारिका आहे. पवित्र साक्रामेंताच्या आराधनेला आयुष्य वाहावंसं वाटतं. कोणता संघ निवडू?

उत्तर : ताई, नावावर जाऊ नका. १९०८ साली केरळात बिशप थॉमस कुरियालाचेरी यांनी स्थापलेल्या संघाच्या नावातच आराधना आहे, पण त्याच्या भगिनी शाळा-दवाखान्यांतही राबतात. तुम्हाला बंदिस्त मठ हवा असेल, तर १८५४ साली पॅरिसमध्ये सुरू झालेला नित्य आराधनेचा क्लारा संघ पाहा. त्याचे मठ भारतातही आहेत. तिथे बाहेरची सेवा नाही. सोनेरी किरणांच्या पात्रातल्या ख्रिस्तप्रसादासमोर भगिनी पाळीपाळीने गुडघे टेकतात. रुग्णसेवा सुटल्याचं दुःख होईल. ते आत्ताच मनाशी तपासा.

आपल्याकडचा एक मुद्दा हमखास राहून जातो. चांदा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा आहे, त्याचं केंद्र बल्लारपूर. तुमचा बाप्तिस्मा त्या परंपरेत झाला असेल आणि मठ लॅटिन असेल, तर नवदीक्षेआधी रोमची परवानगी लागते. म्हणून बाप्तिस्म्याचा दाखला आधी काढा आणि धर्मगुरूंना भेटा.

घाईची भीती बाळगू नका. रोमच्या २०१८ च्या नियमांनुसार बंदिस्त मठातलं प्रशिक्षण किमान ९ वर्षांचं असतं. मठाला पत्र लिहून काही दिवस राहण्याची परवानगी मागा, आणि तिथे रात्री दोनची आराधना चुकवू नका. डोळे मिटत असताना, कोरड्या मनानं तो तास कसा जातो, ते वहीत लिहून ठेवा आणि परतल्यावर तुमच्या धर्मगुरूंना दाखवा.