आठही साखळ्या ठेव

तुर्भे,
रविवार, सकाळ

चि. छकुली,


तुझं पत्र आणि सोबतचे दोन्ही कॉन्टॅक्ट मॅप, म्हणजे कोणती अमिनो आम्लं एकमेकांजवळ आहेत ते दाखवणारे नकाशे, मिळाले. काल रात्री ते शेजारी शेजारी उघडून बसलो होतो. तू विचारलंयस, ‘मामा, सिकलसेलचं हिमोग्लोबिन आणि साधं हिमोग्लोबिन, दोन्हींचे कॉन्टॅक्ट मॅप जवळजवळ सारखेच येतायत. माझी स्क्रिप्ट चुकली का?’

स्क्रिप्ट चुकलेली नाही. तू घरातल्या घरात शोधलंस आणि गाठ पडलीय शेजाऱ्याशी, एवढंच झालंय.

हिमोग्लोबिनचा एक रेणू म्हणजे चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा. अल्फात १४१ अमिनो आम्लं, बीटात १४६. सिकलसेलमध्ये बीटाच्या सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलिन येतं. इन्ग्रामनं १९५६-५७ मध्ये हा फरक शोधला, त्याआधी पॉलिंगच्या गटानं १९४९ मध्येच दाखवलं होतं की दोन्ही हिमोग्लोबिनांच्या विद्युतभारात फरक आहे. ही सहावी जागा रेणूच्या आत दडलेली नाही, ती बाहेर पाण्याच्या बाजूला आहे. त्यामुळे ती बदलली तरी त्या चौकडीची आतली रचना जवळपास तशीच राहते, आणि तुझे दोन नकाशे सारखे आले ते खरंच आहे. ऑक्सिजन सोडला की मात्र या व्हॅलिनला शेजारच्या दुसऱ्या रेणूच्या बीटा साखळीत एक तेलकट खळगा सापडतो. तिथे ८५व्या जागी फिनाइलअॅलॅनिन आणि ८८व्या जागी ल्युसिन आहे. व्हॅलिन त्यात जाऊन बसतं. मग रेणूला रेणू लागत जातो, दुहेरी दोऱ्या होतात, अशा ७ दुहेरी दोऱ्यांचा दोरखंड वळला जातो आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. नंदुरबारला तुझ्या शाळेतली ती मुलगी सांधे दुखतात म्हणून आठवडा आठवडा घरी बसायची ना, त्या दुखण्याचं मूळ या खळग्यात आहे. आणि खळगा काही आजारामुळे तयार झालेला नाही, तो तुझ्या-माझ्या हिमोग्लोबिनमध्येही आहे. आपलं भारित ग्लुटामेट त्यात जात नाही, म्हणून आपण चालतो-फिरतो.

तू वापरलेल्या सिकलसेल हिमोग्लोबिनच्या टूएचबीएस (2HBS) या रचनेत ८ साखळ्या आहेत, म्हणजे दोन पूर्ण रेणू. १९९७ मध्ये २.०५ अँगस्ट्रॉमवर सोडवलेली ही रचना आहे. तू त्यातल्या चार साखळ्या ठेवल्यास आणि उरलेल्या चार ‘तेच तेच’ म्हणून काढून टाकल्यास. पुस्तकात लिहिलेलं असतं की स्फटिकातला शेजार हा बहुतेक वेळा नुसत्या रचणीमुळे आलेला असतो, त्याला जीवशास्त्रात अर्थ नसतो. ते शिकून तू बरोबरच वागलीस. पण इथे तो शेजार हाच आजार आहे. फाईल कापायच्या आधी स्वतःला विचारत जा की आपला प्रश्न रेणूच्या आतला आहे की दोन रेणूंमधला.

तुझे आजोबा कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं माथाडी होते, तुला माहीत आहे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन गाळ्यावर जायचो. गोण्यांची थप्पी छतापर्यंत गेलेली असायची. एकदा मी खालची एक गोणी ओढायला गेलो तर त्यांनी मला दंडाला धरून मागे खेचलं. मग शांतपणे दाखवलं, ही बघ, या गोणीवर वरच्या तिघींचा भार आहे, आणि ही शेजारची नुसती टेकलीय, हिला काढ, काही होणार नाही. मला दोन्ही सारख्याच दिसत होत्या, दोन्ही बाजूच्या गोण्यांना चिकटलेल्या. ते हात लावून, कान ओढून बघायचे की ताण कुठे आहे. मी प्रथिनांच्या रचनांवर काम करायला लागलो तेव्हा हे आठवलं आणि आजही आठवतं. तुझ्या नकाशामागच्या यादीतल्या प्रत्येक जोडीकडे तसं बघ.

तू कटऑफ धरलायस ८ अँगस्ट्रॉम, अल्फा कार्बनपासून अल्फा कार्बनपर्यंत. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग, तेव्हा ८ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण रेणूच्या हिशेबात ते फार सैल माप आहे. घडी कशी पडलीय हे बघायला ते चांगलं. कोण कोणाला धरून आहे हे त्यातून कळत नाही. आर्जिनिन आणि ग्लुटामेट लांब हातांचे, त्यांचे अल्फा कार्बन ८च्या बाहेर राहूनही टोकं एकमेकांना घट्ट धरू शकतात, आणि तुझी यादी त्यांना वगळते. उलट दोन रेसिड्यू, म्हणजे साखळीतली दोन अमिनो आम्लं, ६ अँगस्ट्रॉमवर असून त्यांच्या बाजूच्या साखळ्या पाठीला पाठ लावून असू शकतात, आणि यादी त्यांना मोजते. म्हणून दुसरी यादी कर, हायड्रोजन सोडून बाकीच्या अणूंमधलं सगळ्यात कमी अंतर घेऊन, साडेचारवर. मग प्रत्येक जोडीपुढे लिही की कोणत्या अणूचा कोणत्या अणूशी संबंध आहे. नायट्रोजन-ऑक्सिजन तीनच्या आसपास असतील तर हायड्रोजन बंध असू शकतो. विरुद्ध भाराची टोकं चारच्या आत असतील तर मिठाचा पूल. कार्बनला कार्बन साडेतीन-चारवर असेल तर तेलकट टेकण. आपलं ६चं व्हॅलिन या शेवटच्या जातीचं.

आणि साखळीत एकमेकांच्या जवळच्या जागांवर असलेल्या जोड्या काढून टाक. हिमोग्लोबिन बहुतांश हेलिक्सचं बनलेलं आहे, हेलिक्समध्ये प्रत्येक रेसिड्यू चौथ्या पुढच्याला भेटतोच. तुझ्या नकाशातला कर्णाला लागून असलेला तो जाड पट्टा म्हणजे हेच. तुझ्या हजारो जोड्यांत मोठा वाटा त्यांचा आहे, आणि त्या हेलिक्स आहे यापलीकडे काहीही सांगत नाहीत.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तू नेमकी त्याच वाटेवर आहेस. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला सिकलसेलचा हाच बदल साध्या हिमोग्लोबिनच्या रचनेत संगणकावर करायचा होता. रुग्णाच्या जनुकीय अहवालात लिहिलं होतं, सातव्या जागचं ग्लुटामेट बदलून व्हॅलिन. मी रचनेत सातवी जागा उघडली, तिथे ग्लुटामेट होतं, ते बदललं आणि आठ दिवस त्यावर गणितं केली. खळग्याशी काही जमेना. चूक अशी की जनुकाच्या हिशेबात पहिलं मेथिओनिन मोजतात, आणि रक्तातल्या बीटा साखळीत ते उरलेलं नसतं. अहवालातली सात म्हणजे रचनेतली सहा. आणि दुर्दैव बघ, बीटाची सुरुवात व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, आणि मग लागोपाठ दोन ग्लुटामेट. सहावंही तेच, सातवंही तेच. नाव जुळलं म्हणून मला शंकाच आली नाही. दुसरं काही अमिनो आम्ल तिथे असतं तर मी त्याच क्षणी थांबलो असतो. तेव्हापासून मी कधीही एक अक्षर जुळलं म्हणून पुढे जात नाही, आधीचे तीन आणि नंतरचे तीन रेसिड्यू वाचून घेतो. तूही वाच. वेळ लागत नाही.

रचना डोळ्यांनी बघायचा कंटाळा करू नकोस. पृष्ठभागावरच्या लायसिनची टोकं हलत असतात, तिथे इलेक्ट्रॉन घनता पुसट असते आणि रचना सोडवणाऱ्यानं अंदाजानं अणू ठेवलेले असतात. बी-फॅक्टर बघ, अणू किती हलतो याचा अंदाज त्यातून येतो. २.०५ अँगस्ट्रॉमवर हायड्रोजन दिसत नाहीत, आणि अॅस्परॅजिन किंवा ग्लुटामिनच्या टोकाचा नायट्रोजन कुठला, ऑक्सिजन कुठला, हेही नुसत्या घनतेवरून ठरवणं कठीण जातं. तुझ्या स्क्रिप्टला तो फरक कळत नाही, ती फाईलमध्ये लिहिलंय ते खरं धरते.

हे सगळं कशासाठी करायचं, असं तू शेवटी विचारलंयस. तर आता ८७वी जागा उघड. ती खळग्याला लागूनच आहे. बीटात तिथे थ्रिओनिन आहे. गर्भातल्या हिमोग्लोबिनच्या गॅमा साखळीत तिथे ग्लुटामिन आहे. गर्भाचं हिमोग्लोबिन त्या दोरखंडात सामील होत नाही, त्याचं एक मोठं कारण हे ग्लुटामिन, आणि म्हणूनच सिकलसेलच्या बाळांना पहिले काही महिने त्रास जाणवत नाही. आपल्याकडे देतात ते हायड्रॉक्सीयुरिया हे औषधही मुख्यतः गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवून उपयोगी पडतं. कोणीतरी हाच प्रश्न घेऊन बसलं, की हा एकच रेसिड्यू बदलला तर गाठ सुटेल का. त्यातून ८७व्या जागी ग्लुटामिन घातलेलं बीटाचं जनुक तयार झालं, आणि त्यावर उभी राहिलेली जनुकोपचार पद्धती अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत ती यायला किती वर्षं लागतील कोण जाणे, ती भयंकर महाग आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पण तू ज्या यादीला ‘नुसते आकडे’ म्हणालीस त्या यादीत ते औषध होतं.

म्हणून प्रबंधात हजार जोड्या छापू नकोस. दहा छाप, पण प्रत्येकीबद्दल सांगता आलं पाहिजे की ही काढली तर काय कोसळेल, आणि तसं कुणी प्रयोगानं दाखवलंय का. दाखवलं नसेल तर तसं लिही. मार्गदर्शकांना आकडा मोठा हवा असेल तर परिशिष्टात घाल.

दिवाळीला इकडे आलीस की परळला जाऊ. केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे, तिथे रक्ताच्या या विकारांवर वर्षानुवर्षं काम झालंय. निदान त्यांचे शोधनिबंध आधी वाचून ठेव. आपल्या आदिवासी भागातल्या रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन बरंचसं जास्त आढळतं, आणि ८७व्या जागेशी त्याचा संबंध तुला आता लागेल.

आजोबांना काल रात्री स्क्रीनवर तो खळगा दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होते. मग विचारलं, ‘धरलंय कुठं, त्या दोन्ही टोकांना?’ मी सांगितलं, नाही, प्रत्येक रेणूला अशी दोन व्हॅलिनं असतात, पण दुहेरी दोरीतल्या या जोडात त्यांतलं एकच बसतं. तुझ्या यादीतही ते एकच सापडायला हवं. आठही साखळ्या ठेवून पुन्हा चालव, आणि ६ समोर ८५ आणि ८८ आले की मला फोन कर. रात्री बारापर्यंत जागा असतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा