गाडी वेळेवर की बोलावल्यावर?

मीनल पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. लहान गावांकडे रिकाम्या धावणाऱ्या बस बंद कराव्यात आणि मोबाइलवरून बोलावली की येणारी छोटी गाडी सुरू करावी, असं तिच्या मनात आहे. तिचे मामा पाटणला असतात. एस.टी.त ते वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त आहेत. योजना घेऊन ती थेट त्यांच्याकडेच गेली.

मीनल: मामा, सरळच विचारते. दुपारच्या गाडीत सहा-सात माणसं असतात. त्यांच्यासाठी 44 आसनांची बस खोऱ्यात कशाला न्यायची?

मामा: तू दुपारची गाडी बघितलीस. सकाळची बघितलीस का?

मीनल: सकाळी गर्दी असते, ठाऊक आहे. मी दुपारचं विचारतेय.

मामा: दुपारचं उत्तर सकाळच्या गाडीतच आहे. खोऱ्याच्या टोकाचं एक गाव धर, पाटणपासून 30 किलोमीटर. सकाळी गाडी निघते तेव्हा आत चार माणसं. दहा किलोमीटरवर ती होतात 22. शेवटच्या दहा किलोमीटरला कॉलेजची पोरं, दूधवाले, कचेरीची कामं असलेले चढतात आणि सगळी 44 आसनं भरतात. आता सरासरी काढ.

मीनल: चार, बावीस, चव्वेचाळीस... तेवीसच्या आसपास. म्हणजे साधारण 53 टक्के.

मामा: यालाच आम्ही भारमान म्हणतो. आता दुपारची उलटी फेरी. पाटणहून 12 निघाले, पुढे आठ राहिले, टोकाला चार. सरासरी आठ. म्हणजे 18 टक्के. दोन्ही फेऱ्या मिळून 36. कागदावर दुपारची फेरी तोट्यात दिसते आणि कुणीतरी म्हणतं, रद्द करा.

मीनल: मग केली तर बिघडलं कुठं?

मामा: दवाखान्यात आलेली बाई अकराला मोकळी होते. दुपारची गाडी नसेल तर संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसून राहायचं. एकदा बसेल, दोनदा बसेल. तिसऱ्यांदा ती सकाळीसुद्धा वडापच्या जीपनं येईल, कारण तोच जीपवाला तिला दुपारी परत नेणार असतो. म्हणजे दुपारची फेरी तोडलीस की सकाळचं भारमान घसरतं. मग कुणीतरी सकाळचीही तोडायला निघतं. जायची आणि यायची गाडी हे एकच काम आहे, त्याचे दोन हिशेब करायचे नसतात.

मीनल: पण मग छोटी गाडी तरी पाठवा.

मामा: पाठवायला हरकत नाही, मिनीबसनं डिझेल वाचेल. पण सकाळी जी 44 माणसं आणायची, त्यांना मोठी गाडी लागणारच. ती दुपारी आगारात उभी ठेवून दुसरी छोटी गाडी काढलीस, तर गाड्या दोन झाल्या आणि चालकाचा पगार आहे तेवढाच राहिला. आणि ती सकाळची गाडी गावात येते कुठून, याचा विचार केलास?

मीनल: पाटणहून पहाटे सुटत असेल.

मामा: नाही. ती रात्रीच तिथे असते. संध्याकाळची शेवटची गाडी वस्तीला जाते. चालक आणि वाहक गावातच झोपतात, कुठे देवळात, कुठे ग्रामपंचायतीच्या खोलीत, नाहीतर गाडीतच. वाहकानं कॅश आणि तिकिटांचं मशीन उशाशी घ्यायचं. पहाटे चालक उठतो, पाणी-ऑइल बघतो आणि सहाला गाडी काढतो. ही गाडी रात्री परत आणली असती आणि पहाटे पुन्हा पाठवली असती, तर रोज 60 किलोमीटर रिकामे पडले असते. डेड किलोमीटर. तुझ्या बोलावणी गाडीचा खरा शत्रू तोच आहे.

मीनल: तो कसा?

मामा: तुझी गाडी उभी कुठे राहणार?

मीनल: पाटणला. जिथून बोलावणं येईल तिकडे जाईल.

मामा: मोरणेच्या खोऱ्यातून एकानं बोलावलं. 20 किलोमीटर रिकामी गेली, एक माणूस आणला. तेवढ्यात कोयनेच्या बाजूनं दुसऱ्यानं बोलावलं, पुन्हा रिकामी. पुण्यात दोन गिऱ्हाइकांत एक-दोन किलोमीटर असतात. इथे मधे डोंगर असतो. एका तासात तुझा चालक दोन माणसं आणील, फार तर तीन.

मीनल: अॅप एका दिशेच्या माणसांना एकत्र करेल ना.

मामा: करेल, पण एकत्र करायचं तर कुणालातरी थांबावं लागतं, कुणालातरी वळसा पडतो. माणसं वाढली की वळसे वाढतात. वळसे नको असतील तर सगळ्यांनी ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळी येऊन उभं राहायचं. मग ती बसच झाली की.

मीनल: मामा, परदेशात हे चाललंय. कॅनडात इनिसफिल नावाचं गाव आहे, टोरांटोच्या उत्तरेला. 2017 साली त्यांनी बस सुरूच केली नाही, थेट उबरशी करार केला.

मामा: वाचलंय मी त्याबद्दल. आकडे सांग बघू.

मीनल: एक बस वर्षभर चालवायला 2 लाख 70 हजार डॉलर लागले असते, दोन बसना 6 लाख 10 हजार. उबरसाठी त्यांनी पहिल्यांदा धरले फक्त एक लाख. प्रवाशानं तीन ते पाच डॉलर द्यायचे, वरचे पैसे गाव भरणार.

मामा: आणि पुढं?

मीनल: लोकांना आवडलं. इतकं आवडलं की 2018 मध्येच खर्च सहा लाखांच्या वर गेला. 2019 मध्ये त्यांनी भाडं एक डॉलरनं वाढवलं आणि एका माणसाला महिन्याला 30 च फेऱ्या, अशी मर्यादा घातली.

मामा: 30 फेऱ्या म्हणजे जाऊन-येऊन पंधरा दिवस. रोज कामावर जाणाऱ्यानं उरलेले दिवस काय करायचं? आता नीट बघ. बसमध्ये तेविसावा माणूस चढला तर महामंडळाचा खर्च वाढत नाही, तिकिटाचे पैसे तेवढे वाढतात. बोलावणी गाडीत प्रत्येक नवा माणूस नवा खर्च घेऊन येतो. बस चालली की स्वस्त होते, ती गाडी चालली की महाग होते.

मीनल: मग ती कुठंच चालत नाही म्हणायचं?

मामा: मी तसं म्हटलेलं नाही. अमेरिकेत विल्सन नावाचं गाव आहे, नॉर्थ कॅरोलायनात, पन्नासेक हजार वस्तीचं. त्यांनी 2020 मध्ये ठरावीक मार्गांच्या बस बंद करून सगळीकडे बोलावणी व्हॅन लावल्या आणि माणसं वाढली. पण तिथे आधीची बस तासाला एक होती. घरं विखुरलेली आणि रस्ते सपाट. आपल्या खोऱ्याला एकच रस्ता असतो आणि सगळी माणसं एकाच बाजूला निघालेली असतात. अशा ठिकाणी बसची बरोबरी कुणी करत नाही.

मीनल: पण वडाप तर करतं! तुम्हीच म्हणता, वडापनं एस.टी.चा प्रवासी पळवला.

मामा: आता मुद्द्यावर आलीस. वडाप ही आपली मागणीवरची गाडीच आहे, फक्त तिला अॅप नाही. इथे चालकाचा पगार कॅनडासारखा नाही, म्हणून दहा माणसांतही जीप परवडते. पण जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणजे वाट बघण्याचा खर्च प्रवाशाच्या माथी. 1948 च्या आधीच्या खासगी मोटारींचीही हीच तऱ्हा होती. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर पहिली सरकारी गाडी सुटली. त्यात नवीन काय होतं, तर गाडी भरो न भरो, वेळ झाली की सुटणार.

मीनल: म्हणजे बसमध्ये रिकाम्या आसनाचा भार महामंडळ सोसतं, वडापमध्ये वेळेचा भार प्रवासी सोसतो आणि इनिसफिलमध्ये सगळा भार गावाच्या तिजोरीवर.

मामा: बरोबर. कुठल्याही योजनेत हा भार कुणाच्या खांद्यावर जातो, ते आधी शोधायचं. आणखी एक. वडापला कंत्राटी परवाना असतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात टप्पा वाहतूक वेगळी आणि कंत्राटी वेगळी. टप्पा वाहतूक म्हणजे वाटेत माणसं घ्यायची, उतरवायची, प्रत्येकाचं वेगळं तिकीट. कंत्राटी म्हणजे सगळी गाडी एकानं ठरवायची. वडाप परवाना एकाचा घेतं आणि काम दुसऱ्याचं करतं. तुझी गाडी चार अनोळखी माणसं वेगवेगळ्या ठिकाणी घेणार, तर ती कशात बसते, हे आर.टी.ओ. पहिल्या दिवशी विचारेल.

मीनल: हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि सवलतींचं काय?

मामा: ते सगळ्यात मोठं. 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एस.टी. फुकट, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, पोरांना पास. अर्धं तिकीट झालं तेव्हा किती बायका जीप सोडून स्टँडवर आल्या, ते मी डोळ्यांनी बघितलंय. ही सवलत सरकार महामंडळाला भरून देतं. तुझ्या गाडीत ती कोण भरणार? आणि सत्तरीची म्हातारी मोबाइलवर गाडी कशी बोलावणार? खोऱ्यात कितीतरी ठिकाणी रेंजच नाही.

मीनल: फोन करून बोलावेल. अॅप हवंच असं नाही. जर्मनीत खेड्यांत हे पूर्वीपासून आहे, रूफबुस म्हणतात. वेळापत्रक छापलेलं असतं, रस्ताही ठरलेला असतो. फक्त तासभर आधी कुणी फोन केला तरच ती फेरी निघते. बोडेन सरोवराच्या काठी 1970 च्या दशकाच्या अखेरीला हा प्रयोग झाला, तेव्हा कुठे होते स्मार्टफोन?

मामा: ही गोष्ट मला पटते. वेळ ठरलेली, म्हणून माणसं आपोआप एकत्र येतात. कुणीच नसेल तर डिझेल जळत नाही. तुझ्या मूळ योजनेपेक्षा ही शंभर पटींनी बरी.

मीनल: मग ती इथे कुठे बसवाल?

मामा: कराड-पाटण-चिपळूण रस्त्याला हात लावायचा नाही, तिथे बस वाढवायच्या. खोऱ्याच्या मुख्य रस्त्यालाही सकाळ-संध्याकाळच्या गाड्या आणि वस्तीची गाडी तशीच ठेवायची. आता राहिल्या फाट्यापासून आत, डोंगराच्या अंगावरच्या वाड्या. तिथे मोठी गाडी वळतच नाही. लोक तीन-चार किलोमीटर चालत येतात, डोक्यावर ओझं घेऊन. तिथे तुझी छोटी गाडी लाव, फाटा ते वाडी एवढीच. दिवसाच्या चार वेळा ठरव, त्या एस.टी.च्या वेळेला जोडून.

मीनल: आणि बस उशिरा आली तर?

मामा: तर छोटी गाडी थांबणार, हे करारातच लिहायचं. फाट्यावर माणूस उतरला आणि पुढची गाडी निघून गेली, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कुणी विश्वास ठेवत नाही. वाहकाकडून छोट्या गाडीच्या चालकाला निरोप जायला हवा, वाडीचे किती उतरणार आहेत. तुझं सॉफ्टवेअर तिथे कामाला येईल.

मीनल: गाडी कुणाची घेऊ? नवीन घ्यायला पैसे नाहीत.

मामा: वाडीतला जो पोरगा आज वडाप चालवतो, त्याचीच. त्याला प्रति किलोमीटर ठरावीक दर द्यायचा, माणूस एक असो की सात. म्हणजे तो भरायची वाट बघत बसणार नाही. परवाना नीट काढून द्यायचा, सवलतीचं तिकीट चालवायचं, फरक ग्रामपंचायतीनं किंवा जिल्हा परिषदेनं भरायचा.

मीनल: चार फेऱ्या, ठरावीक किलोमीटर... म्हणजे जास्तीत जास्त खर्च वर्षाच्या सुरुवातीलाच कळतो. इनिसफिलला हेच कळलं नव्हतं.

मामा: आणि माणसं वाढली तरी तो आकडा हलत नाही. सात आसनं रोज भरायला लागली की समजायचं, रस्ता रुंद करून बस आत न्यायची वेळ आली.

मीनल: मग कागदावर मांडते. वाड्यांची नावं आणि फाट्यावरच्या गाड्यांच्या वेळा द्या.

मामा: वेळा स्टँडवर लावलेल्या आहेत, त्या लिहून घे. पण त्यावर जाऊ नकोस. आठवडाभर फाट्यावर उभी राहा आणि गाडी खरंच किती वाजता येते ते टिपून आण. त्याच वेळांवर तुझी गाडी जोडायची आहे.