एहिपस्सिको : श्रीहरिकोटा येथे शिकलेला एक धडा

आपल्या शाळेत दररोज सायंकाळी सामूहिक वंदना होते. धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ हा शब्द येतो. ‘या आणि स्वतः पाहा’ असा त्याचा अर्थ. अनेक वर्षे हा अर्थ मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. त्याचा खरा प्रत्यय मात्र मला १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथे आला. त्या दिवशी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी चांद्रयान-३ अवकाशात झेपावले. दौंडहून रेल्वेने चेन्नई, तेथून सुळ्ळूरपेटा आणि पुढे पुलिकत सरोवर ओलांडून गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी ते उड्डाण प्रेक्षक सज्जातून पाहिले.

अग्निबाण जामखेडच्या भूमीला अपरिचित नाही. ११ मार्च १७९५ रोजी आपल्याच तालुक्यातील खर्डा येथे मराठे व निजाम यांची लढाई झाली. त्या लढाईत नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेने शत्रूवर बाणांचा वर्षाव केल्याचे ग्रँट डफ यांनी नमूद केले आहे. हे बाण धनुष्याचे नव्हेत, तर दारू ठासलेल्या नळ्यांचे. म्हैसूरच्या हैदर अली व टिपू सुलतान यांनी लोखंडी नळ्या वापरून त्यांचा पल्ला वाढविला आणि पुढे इंग्रजांनी त्यांवरूनच काँग्रीव्हचे अग्निबाण तयार केले. या साऱ्यांचा हेतू मनुष्यसंहार हाच होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला, तो वातावरणाच्या अभ्यासासाठी. त्याचे भाग सायकलवरून नेण्यात आले होते. डॉ. विक्रम साराभाई यांनी आरंभिलेल्या या कार्यात डॉ. वसंत गोवारीकर यांनी घन इंधनाच्या संशोधनाचा पाया भक्कम केला. अग्नी तोच राहिला, हेतू बदलला. इतिहासाच्या अभ्यासकाने हा फरक ध्यानी ठेवावा.

आता प्रत्यक्ष दर्शनाकडे वळू. सुमारे ४३.५ मीटर उंचीचा आणि सुमारे ६४० टन वजनाचा प्रक्षेपक पायथ्याशी पेटला, तेव्हा प्रथम दिसला तो केवळ प्रकाश. आवाज नव्हता. आम्ही आधीच ठरविल्याप्रमाणे मुलांनी सेकंद मोजण्यास प्रारंभ केला. मग तो गडगडाट आला आणि छातीत धडधडला. कोणाची मोजणी १४ भरली, कोणाची १७; जल्लोषात आकडे चुकले. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, हे गृहीत धरून मुलांनी तेथेच अंतर काढले : पावणेपाच ते पावणेसहा किलोमीटर. वीज चमकल्यावर गडगडाट उशिरा का येतो, हे त्यांना पुन्हा शिकविण्याची गरज उरली नाही. दुसरे गणित परतीच्या गाडीत झाले. चांद्रयानाचे वजन सुमारे ३,९०० किलो. म्हणजे त्यातील एक किलो वर नेण्यासाठी जमिनीवर सुमारे १६४ किलोंचा भार उभा करावा लागला. त्यातील बहुतांश भार इंधनाचाच. पृथ्वी आपल्याला किती घट्ट धरून आहे, ते या आकड्यावरून कळते.

त्याच गाडीत एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, मोहिमेपूर्वी यानाची प्रतिकृती देवळात नेतात, असे मी वर्तमानपत्रात वाचले. मग यान गणिताने उडाले की पूजेने?” प्रश्न धीट होता. मी म्हणालो, “श्रद्धा हा प्रत्येकाचा वैयक्तिक अधिकार आहे, तो संविधानानेच दिला आहे. पण अपयश आल्यावर ही माणसे काय करतात, ते पाहा.” १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले. तेव्हा कोणी ग्रहदशा पाहिली नाही. दुसऱ्या टप्प्यातील नियंत्रण यंत्रणेच्या झडपेतला दोष शोधला आणि १८ जुलै १९८० रोजी रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ अवतरक चंद्रावर आदळले. त्यानंतर पाय मजबूत केले, इंधन वाढविले आणि उतरण्याची जागा ५०० मीटर चौरसावरून सुमारे ४ किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी नवे अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ सुखरूप उतरले. कारण शोधा, कारण दूर करा, परिणाम बदलतो. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद हेच सांगतो आणि संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मधील वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्यही तेच.

ज्ञान काहींनी राखून ठेवावे आणि इतरांनी ते लांबूनही ऐकू नये, अशी आपल्या समाजाची दीर्घकाळ रीत होती. बाबासाहेबांनी ती मोडली. म्हणून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांची मुले त्या दिवशी सज्जात बसून आकाशाकडे पाहू शकली. त्यांतील एका मुलीने हळूच विचारले, “सर, आपल्याकडची माणसे यात असतात का?” मी तिला वालचंदनगरविषयी सांगितले. साखर कारखान्याभोवती वसलेले हे गाव आपल्या शेजारच्या पुणे जिल्ह्यात आहे. आपल्या भागातील तोडणी कामगारांच्या टोळ्या ज्या पट्ट्यात कोयता घेऊन जातात, त्याच पट्ट्यातील या गावी भारतीय प्रक्षेपकांच्या घन इंधनाची पोलादी कवचे घडतात. ती काही बोलली नाही. सोलापूर मागे पडेपर्यंत तिच्या वहीत ६४० ला ३.९ ने भागण्याचे काम चालू होते. शेवटी १६४ आले, तेव्हा तिने वही माझ्यापुढे धरली.

विद्यार्थी मित्रहो, ऐकलेले मोजून पाहा. एहिपस्सिको.