मराठी ख्रिस्ती गद्य : ‘प्रीती’ या शब्दाचा अर्थविस्तार

‘प्रीती’ हा शब्द आपण बहुधा प्रियकर-प्रेयसीच्या नात्यापुरता योजतो. ‘शेजारी’ म्हणजे भिंतीपलीकडचा. मराठी ख्रिस्ती साहित्यात मात्र दोहोंचा अर्थविस्तार होतो : गरजवंत तो शेजारी, आणि त्याच्यासाठी केलेली कृती ही प्रीती.

पंडिता रमाबाईंच्या कार्यातून हा अर्थ स्पष्ट होतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातील निराधार मुलींना आश्रय दिला. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात स्त्रियांना लेखन-वाचन व छपाईचे कामही शिकवले जाऊ लागले. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतच्या पंडिता असूनही त्यांनी सोपी मराठी निवडली; कारण ते नुकतेच वाचायला शिकलेल्या स्त्रीलाही समजावे, अशी त्यांची दृष्टी होती. अन्नाने भूक भागते. समजणारी भाषा माणसाला परावलंबनातून सोडवते. म्हणून येथे शब्दनिवड हीसुद्धा प्रीतीची कृती ठरते.

स्वाध्याय : मेहकर, चिखली किंवा आपल्या गावातील एखाद्या निरक्षर वृद्ध व्यक्तीला एक सरकारी अर्ज समजावून सांगा. कोणते शब्द बदलावे लागले व का, ते पाच वाक्यांत लिहा.