मशीन घेणारा आणि मशीन धरणारा

खडवलीत गवताची दोन रूपं असतात. आषाढ-श्रावणातलं गवत ओलं, लुसलुशीत, आठवड्याभरात घोट्यावरून पोटरीपर्यंत चढणारं. दिवाळीनंतरचं गवत वाळकं, कमरेइतकं, एका ठिणगीने अख्खा उतार पेटवणारं. गवत कापायचं मशीन घ्यायला निघालेल्या माणसाने आधी हे पाहावं, कंपनी आणि किंमत नंतर.

टिटवाळा ते वासिंद या पट्ट्यात, भातसा नदीच्या दोन्ही अंगांना, मी बरीच वर्षं बंगल्यांच्या बागा सांभाळतो. मालक डोंबिवली-ठाण्याकडचे, शनिवारी येऊन रविवारी संध्याकाळच्या लोकलने परतणारे. पहिला पाऊस झाला की एक प्रश्न हमखास येतो: "दादा, पेट्रोलचं घेऊ की बॅटरीचं?" मी उलट विचारतो, "धरणार कोण?" मशीन घेणारा एक असतो आणि धरणारा दुसरा. माझ्या डोळ्यांसमोर जेवढं म्हणून बिघडलं, ते या दोघांमध्ये बोलणं न झाल्यामुळे बिघडलं.

आधी पेट्रोलबद्दल सांगतो, कारण इथे अजून तेच जास्त चालतं. होळीच्या आधीचे दिवस होते. एका बंगल्यामागच्या उतारावर वाळकं गवत काढत होतो. सोबतच्या मुलाच्या मशीनची टाकी संपली. त्याने मशीन गवतावरच आडवं ठेवलं, कॅन आणला आणि ओतायला लागला. सायलेन्सर तापून लाल व्हायचा बाकी होता. दोन थेंब त्याच्यावर गेले आणि भक्कन जाळ झाला. पोराने कॅन लांब फेकला म्हणून वाचला, तरी पोटरी भाजलीच. गवताची आग आम्ही ओली गोणपाटं आणि निरगुडीच्या फांद्या मारून विझवली. वारा नदीकडून होता. तो उलट असता तर शेजारच्या आमराईपर्यंत वणवा गेला असता.

त्या दिवसापासून माझ्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे पाठ करायला लावतो. टाकी संपली की मशीन उघड्या मातीवर किंवा फरशीवर ठेवायचं. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. चहा प्या, पाणी प्या, पण थांबा. पेट्रोल भरून झाल्यावर झाकण घट्ट लावायचं, सांडलेलं पुसायचं आणि चार पावलं बाजूला नेऊन मग दोरी ओढायची. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणगी अडवणारी बारीक जाळी असते. काजळीने भरली की लोक ती काढून टाकतात, मशीन मोकळं चालतं म्हणून. ती काढू नका, ब्रशने साफ करून परत लावा.

दुसरी गोष्ट टू-स्ट्रोक मशीनची. त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावंच लागतं, कारण इंजिनला वंगण तिथूनच मिळतं. काही मशीनना पंचवीसास एक, म्हणजे लिटरला 40 मिली. काहींना पन्नासास एक, म्हणजे 20 मिली. कोणतं प्रमाण ते मशीनच्या पुस्तिकेत असतं आणि ती पुस्तिका बंगल्याच्या कपाटात असते. आमच्याकडे पावसाळ्यात काम करणारी कातकरी वाडीतली अनेक माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मग मशीन नव्या हातात येतं. एका बंगल्यावर असंच झालं. नव्या गड्याने पंपावरून आणलेलं पेट्रोल सरळ टाकीत ओतलं. मशीन जोरात चाललं, मग आवाज बदलला आणि थांबलं ते थांबलंच. पिस्टन सिलिंडरला चिकटला होता. मालकांनी त्या माणसाच्या मजुरीतून पैसे कापायची भाषा केली, तेव्हा मी मध्ये पडलो. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, तर दोष त्याचा कसा? आता ज्या बागांमध्ये टू-स्ट्रोक आहे, तिथे मी टाकीवरच रंगाने प्रमाण लिहितो आणि मिश्रणाचा कॅन वेगळ्या रंगाचा ठेवतो. फोर-स्ट्रोक मशीनला हे मिश्रण लागत नाही, धूरही कमी येतो. पण त्याच्या ऑइलची पातळी रोज सकाळी बघावी लागते आणि वजन थोडं जास्त असतं.

तिसरी अडचण पेट्रोलच्या बदललेल्या रूपाची. 2023 पासून आपल्याकडे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि खडवलीच्या पावसाळ्यात हवेत ओलीला तोटा नाही. गाडीचं पेट्रोल आठवड्यात संपतं. गवताच्या मशीनमधलं हंगाम संपल्यापासून जूनपर्यंत टाकीत पडून राहतं. मग पाणी खाली बसतं, कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत चिकटा धरतो, रबरी पडदा कडक होतो आणि जूनमध्ये दोरी ओढून खांदा निखळायची वेळ येते. उपाय साधा आहे. हंगाम संपला की टाकी रिकामी करायची, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. मिश्रण महिनाभर पुरेल एवढंच बनवायचं.

डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्यांसाठी एक इशारा. "इथून भरून नेतो दोन लिटर" असं म्हणून पिशवीत पेट्रोलची बाटली घालून कसारा लोकलमध्ये चढू नका. रेल्वेत पेट्रोल नेणं रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा नसता तरी त्या गर्दीत पेट्रोल न्यायचा विचार मनात यायला नको.

आता बॅटरी. मला ही मशीनं मनापासून आवडतात आणि छोट्या लॉनसाठी मी तीच सुचवतो. पण इथे फसगत वेगळ्या जागी होते, ती आकड्यांत. खोक्यावर कुठे 18 व्होल्ट लिहिलेलं असतं, कुठे 20, कुठे 21. लोक समजतात 21 वालं जास्त ताकदीचं. तिन्हींत आत लिथियमचे तेच पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. चालताना एका सेलचे सरासरी 3.6 व्होल्ट, म्हणून 18. चार्ज भरल्या भरल्या 4 ते 4.2, म्हणून 20 किंवा 21. त्याहून वाईट म्हणजे बाजारात मिळणाऱ्या स्वस्त बॅटऱ्यांवरचे '48 व्हीएफ', '88 व्हीएफ' असे आकडे. मी त्यातल्या काही उघडून पाहिल्या, आत पाचच सेल निघाले. त्या 'व्हीएफ'ला व्होल्ट समजून खिशात हात घालू नका.

बघायचं ते वॉट-अवर. खरे व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार करायचा. 18 व्होल्ट आणि 4 अँपिअर-अवर म्हणजे 72. 18 आणि 5 म्हणजे 90. आता गवताकडे बघा. लॉनच्या कडा साधताना मशीन साधारण दोनशे वॉट ओढतं, म्हणजे 90 ची बॅटरी जवळपास अर्धा तास चालेल. तेच मशीन टाकळा-कुर्डूच्या रानात घातलं तर पाचशे वॉटच्या वर जातं आणि दहा मिनिटांत बॅटरी संपते. मग गडी बिचारा बांधावर बसून चार्जरच्या दिव्याकडे बघत राहतो आणि मालकांना वाटतं काम टाळतोय. लिटरभर पेट्रोलमध्ये नऊ युनिट विजेएवढी ऊर्जा असते. छोटं इंजिन त्यातली बरीच उष्णतेत घालवतं, तरी उरलेलीही अशा दहा-पंधरा बॅटऱ्यांच्या तोडीची. म्हणून दिवाळीनंतरचं कमरेएवढं गवत, घाणेरीची जाळी, अर्ध्या एकराचा उतार, इथे मी आजही पेट्रोलचं फोर-स्ट्रोक काढतो. एक-दोन गुंठ्यांचं मेक्सिकन किंवा हरळीचं लॉन, कुंपणाची मेंदी, फुलझाडांभोवतीच्या कडा, इथे बॅटरी. दोन बॅटऱ्या असतील तरच. एका बॅटरीवर काम अडतंच. चार्जिंगचा खर्च एका वेळेला रुपया-दीड रुपया येतो, तो मोजण्यासारखा नाही. नवी बॅटरी घ्यायची वेळ आली की तो खर्च मोजण्यासारखा असतो, आणि एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला सहसा बसत नाही. म्हणून गवताचं मशीन, मेंदी कापायचं, करवत, पाला उडवायचं असं सगळं पुढे घ्यायचं असेल तर पहिल्याच दिवशी एक घराणं ठरवा.

बॅटरीचा धोका पेट्रोलसारखा डोळ्यांना दिसत नाही. श्रावणात एका बंगल्यावर बॅटरी पावसात भिजली. संध्याकाळी वीज नव्हती, म्हणून वॉचमनने ती रात्री उशिरा चार्जिंगला लावली, पत्र्याच्या खोलीत, गवताच्या पेंढ्यांशेजारी. सकाळी खोक्याचं प्लॅस्टिक वितळलेलं होतं आणि भिंत काळी. पेंढ्या ओल्या होत्या म्हणून पुढचं टळलं. तो वॉचमन त्याच खोलीत झोपतो.

भिजलेली, पडून फुटलेली किंवा फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावायचीच नाही. कामावरून आलेली गरम बॅटरी आधी सावलीत निवू द्यायची. चार्जर फरशीवर, जागं माणूस जवळ, आजूबाजूला पेंढा-पोती-पेट्रोल काही नाही. मशीनवर 'आयपीएक्स 4' लिहिलेलं असेल तर ते शिंतोड्यांना दाद देणार नाही, पण इथल्या धो धो पावसासाठी ते बनलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवू नका, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. हंगाम संपल्यावर निम्मी चार्ज करून घराच्या थंड कोपऱ्यात ठेवा. लिथियम पेटलं तर त्या धुरात उभं राहू नका, माणसं बाहेर काढा आणि लांबून भरपूर पाणी मारा. विझल्यासारखं वाटून ते पुन्हा पेटतं, म्हणून लगेच हात लावायचा नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त भीती घालते. पेट्रोलचं इंजिन बंद केलं की दोरी ओढल्याशिवाय फिरत नाही. बॅटरीचं मशीन शांत असतं, पण जागं असतं. पात्यात गवत गुंडाळलं गेलं की माणूस सवयीने हात घालतो आणि दुसऱ्या हाताचं बोट घोड्यावर असतं. माझ्यासमोर एका मुलाचं बोट केवळ नखभर अंतराने वाचलं. पात्याजवळ हात जाण्याआधी बॅटरी मशीनमधून निघून खाली ठेवलेली दिसली पाहिजे. यात सूट कोणालाच नाही, मलाही नाही.

आवाजाबद्दल कोणी बोलत नाही. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी करावी, असा कामगारांच्या कानांसाठीचा एक मान्य हिशोब आहे. त्या हिशोबाने 100 डेसिबलला पंधरा मिनिटं येतात. जुनी टू-स्ट्रोक मशीनं धरणाऱ्याच्या कानाशी तेवढी सहज गर्जतात आणि आमची माणसं ती दिवसभर धरतात. माझ्याबरोबर सुरुवातीला काम करणारे एक काका आता समोरून बोललेलं ओठांवरून ओळखतात. हातांनाही कंप बसतो, संध्याकाळी भाकरीचा घास धरताना बोटं बधीर वाटतात. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये कायदा केला आणि 2024 पासून बागकामाची नवी पेट्रोल मशीनं तिथे विकायला जवळजवळ बंदी आली. त्यामागे मुख्यतः धूर होता. तिथल्या हवा मंडळाच्या हिशोबाने पाला उडवायचं पेट्रोल मशीन तासभर चालवलं तर चांगल्या मोटारीने सुमारे 1,770 किलोमीटर जाण्याएवढा धुरकं करणारा धूर निघतो. तो धूर आधी धरणाऱ्याच्या छातीत जातो. बॅटरीच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं म्हणणं हेच आहे, रुपयांचं नंतर.

अर्थात बॅटरी असो की पेट्रोल, पात्याला दगड लागला की तो गोळीसारखा सुटतो, आणि पोलादी पातं दगडावर आपटलं तर ठिणगी दोन्हींतून पडते. म्हणून डोळ्यांना चष्मा, पायात गमबूट, आणि पंधरा मीटरच्या आत मूल, गाय, गाडी काही नाही. गमबूट सापांसाठीही. फुरसं आणि घोणस आपल्याकडे बांधात असतातच, मशीनच्या आवाजाने ती लांब पळतील या भरवशावर राहू नये. आधी लांब काठीने गवत हलवावं, मग मशीन घालावं.

हल्ली कोणी मशीन घेणार असेल तर मी सांगतो, दुकानात जाताना धरणाऱ्याला सोबत न्या. मशीन त्याच्या खांद्यावर अडकवून पट्टा त्याच्या उंचीला लावून बघा. उंच मालकाला बसलेलं मशीन बुटक्या गड्याची कंबर मोडतं. चष्मा, कानाची टोपी, गमबूट, दुसरी बॅटरी, मोजमापाची बाटली हे मशीनच्या बिलातच धरा, नंतर कोणी घेत नाही. चार्जिंग कुठे करायचं, पेट्रोलचे पैसे कोण देणार, बॅटरी संपल्यावरच्या वेळेची मजुरी धरायची की नाही, हे तिथेच बोलून घ्या. मी म्हणतो धरावी, तो जागेवर हजर असतो. आणि जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा नदीकाठी टाकू नका. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे, तेव्हा घेतानाच दुकानदाराला विचारून बिलावर लिहून घ्या की मेलेली बॅटरी कुठे जमा करायची.